गुळाचा कौल

ऊस जिथे माणसाच्या डोक्यावरून वर जातो आणि थंडीत अख्ख्या शिवाराला गुळाचा वास सुटतो, अशा एका गावात एक गुऱ्हाळवाला होता. माणूस मोठ्या मनाचा. वाटसरू त्याच्या गुऱ्हाळावर टेकला की लोटाभर रस पुढे येई, मूठभर शेंगदाणे येत, आणि रसाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत प्रश्नही येत. कुठून आलात? तिकडं पीक कसं आहे? पुलाजवळची ती बाई अजून जावेशी बोलत नाही का? आणि का बोलत नाही? लोटा रिकामा होईपर्यंत पाहुण्याच्या पोटातल्या बातम्याही संपलेल्या असत.

गाव त्याला चौकशीमामा म्हणे. त्याला त्याचं काही वाटत नसे. "इचारलं म्हणून कुणाचं काय जातंय?" असं तो हसून म्हणायचा. तोवर खरंच कुणाचं काही गेलं नव्हतं.

या गुऱ्हाळाचा सगळा भार एका माणसावर होता, तो म्हणजे गुळव्या. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळतो, वर मळी येते, ती झाऱ्याने काढायची, मग फेस चढतो, पाक दाट होत जातो, आणि एक क्षण असा येतो की त्याच क्षणी काहील चुलवाणावरून खाली यायला हवी. आधी उतरवली तर गूळ धरत नाही. उशीर झाला तर करपतो. तो क्षण ओळखून "उतरवा!" अशी आरोळी ठोकणारा माणूस म्हणजे गुळव्या. सगळ्या गुऱ्हाळांवर असा एक असतोच, आणि तो रुसला की मालकाचं धाबं दणाणतं.

मामाचा गुळव्या मात्र रुसणारा नव्हता. उलट मामाला अगदी शोभेसा होता. हात जेवढे सावध, तेवढीच जीभ सैल. मामा विचारी, तो सांगे. मळी काढता काढता गावातली सगळी लग्नं, भांडणं आणि रुसवेफुगवे दोघे मिळून ढवळत. जाळव्या, म्हणजे चुलवाणात चिपाडं सारणारा गडी, बिचारा ऐकून ऐकून कंटाळून जाई.

त्या गावात न्याय करायची एक जुनी रीत होती. चावडीत एक रांजण होता आणि त्यात गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाची एकेक खूण टाकलेली होती. सुताराचा भोवरा, कोळणीचा शिंपला, शिंप्याचं बटण, असं काहीबाही. तंटा उभा राहिला की पुजारी डोळे मिटून पाच खुणा काढायचा. ज्यांच्या निघतील ते पाच जण पंच. मग तो सावकार असो की गुराखी. पाटील नुसता सभा चालवायचा, निवाडा त्या पाचांचा.

पंच झाला की त्याच्या उपरण्याच्या टोकाला पाटील एक गाठ मारी. ती गाठ निवाडा होईपर्यंत सुटायची नाही. गाठ असेतो तंट्याबद्दल जे बोलायचं ते चावडीपुढच्या पिंपळाखाली सभेत, बाहेर चकार शब्द नाही. बाहेर कुणाच्या तोंडून काही ऐकायचंही नाही. एका पंचाच्या तोंडून एक जरी शब्द सांडला, तरी पाचही गाठी कापायच्या, रांजण पुन्हा पुढे ओढायचा आणि सगळं पहिल्यापासून. रीत कडक होती, पण तिच्यामुळेच हरणारा माणूससुद्धा निवाडा मान खाली घालून मान्य करी.

त्या वर्षी गुऱ्हाळाच्या ऐन हंगामात गावात एक तंटा उभा राहिला. विहिरी खोदणारा एक माणूस दोराला लोंबकळून खाली उतरत होता. दोर तुटला. माणूस वाचला, पण पाय मोडून बसला. तो म्हणू लागला, "दोरवालीनं कुजका वाख वापरला. मला जित्ता मारायला निघाली व्हती!"

दोरवाली बाई गावाच्या वेशीजवळ राहायची. घायपाताचा वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि चरखीवर दोर वळायचे, हेच तिचं काम. आसपासच्या सगळ्या गावांतली गुरं तिच्याच दाव्यांना बांधलेली असायची. घरात दोन लहान मुली, दुसरं कुणी कमावणारं नाही. "माझ्या दोरात कुजका धागा निघाला, तर माझ्या हातानं चरखी चुलीत घालीन," ती म्हणाली.

बोलून भागणार नव्हतं. दोष तिचा ठरला, तर तिला जन्मात पुन्हा दोर वळता येणार नव्हता. आणि निवाडा होईपर्यंत पाटलाने तिच्या चरखीला लाल दोरा बांधून ठेवला होता. दोर खपतात ते हंगामात. निवाडा लांबला आणि हंगाम सरला, तर निर्दोष ठरूनही तिच्या घरात वर्षभर चूल धड पेटणार नव्हती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पुजाऱ्याने रांजणात हात घातला. पाचवी खूण निघाली ती उसाचं वाळकं कांडं. गुळव्याची.

बातमी गुऱ्हाळावर आली तेव्हा मामाच्या हातातला लोटा तसाच राहिला. उसाच्या मोळ्या अंगणात रचलेल्या, चरक फिरतोय, काहील भरलेली, आणि गुळव्या जाणार पिंपळाखाली बसायला!

शेजारच्या शिवारातला दुसरा गुऱ्हाळवाला तेवढ्यात मोळ्या मोजायच्या निमित्ताने आला होता. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? पाटलाला सांग, गुळव्याला ताप भरलाय. मी दोन वर्सांमागं असंच केलं. दुसऱ्याचं नाव काढत्यात."

मामाला ते पटलं. त्याने पायात वहाणा सरकवल्या आणि चावडीची वाट धरली. मनात तापाचं वर्णनही जुळवून ठेवलं. पण निम्म्या वाटेवर त्याच्या डोक्यात एक विचार आला आणि पाय आपोआप थांबले.

सगळं गाव सभेपासून लांब उभं राहून कान टवकारणार. पिंपळाखाली काय चाललंय, कोण रडलं, कोण खोटं बोललं, पाचांच्या मनात काय आहे, हे कुणालाच कळणार नाही. आणि त्या पाचांतला एक रोज संध्याकाळी येणार कुठे? मामाच्या गुऱ्हाळावर. मामाच्या हातचा रस प्यायला!

मामा तिथूनच माघारी फिरला, आणि चालताना चक्क शीळ घालत होता.

"जा बाबा," त्याने गुळव्याला सांगितलं. "न्यायाचं काम म्हंजे देवाचं काम. हिकडची काळजी करू नगंस. तुझा रोजचा गूळ तुझ्या घरी पोचंल. दुपारची भाकरी मी धाडीन. आन् चालत कशाला जातोस? बैलगाडी घिऊन जा."

गुळव्याचे डोळे भरून आले. "मामा, सकाळी लवकर येतो, एक काहील उतरवतो आन् मग जातो सभेला."

"अजिबात न्हाई! झोप काढ. डुलक्या देणारा पंच काय कामाचा?"

ही गोष्ट गावभर झाली. विहिरीवर बाया म्हणू लागल्या, मालक असावा तर असा. शेजारच्या गुऱ्हाळवाल्याला त्याच्या बायकोने चार शब्द ऐकवले. मामा सगळीकडे नम्रपणे मान खाली घालून फिरत होता. आता खरं सांगायचं, तर जे त्याने केलं ते सगळं चांगलंच होतं. भाकरी खरी होती, गाडी खरी होती. फक्त त्यामागे एक हिशेब होता, आणि तो संध्याकाळ व्हायची वाट पाहत होता.

पहिल्या संध्याकाळी गुळव्या आला. मामाने गाडीतून त्याला जवळजवळ उचलूनच उतरवलं. घोंगडी अंथरली. रस दिला. समोर मांडी घातली.

"हं, बोल."

गुळव्याने उपरण्याचं टोक पुढे केलं. टपोरी गाठ होती.

"ते माहीत हाय रे. गाठ उपरण्याला हाय, जिभेला थोडीच हाय? इथं कोण हाय दुसरं?"

"मामा, न्हाई बोलता येत."

"बरं, तंट्याचं नगं सांगू. दोरवाली रडली का, तेवढं सांग."

गुळव्या गप्प. पण त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आयुष्यभर ज्याच्या पोटात काही राहिलं नाही, त्याच्या पोटात आता गावातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. ती गालांपर्यंत येई आणि तो ती गिळून टाकी. रसासोबत गिळी, शेंगदाण्यांसोबत गिळी. शेवटी तो उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मामाने स्वतः झारा हातात घेतला, कारण काहील कुणीतरी उतरवायलाच हवी होती. तारुण्यात त्याने हे काम थोडंफार केलं होतं. पण पाक दाटत असताना एक वाटसरू थांबला, पिंपळाजवळून आलो म्हणाला, आणि मामाने त्याला एकच प्रश्न विचारला. एकाचे दोन, दोनाचे चार झाले. जाळव्या ओरडला तेव्हा काहिलीतून काळा धूर निघत होता. त्या दिवशीचा गूळ ढेपा बांधल्यावर डांबरासारखा दिसत होता. मामाने तो कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवला.

संध्याकाळी पुन्हा तेच. मामा म्हणाला, "मी नावं घेतो. तू नुसती मान हलव."

"मामा."

"बरं, मानही नगं. डोळे मिट."

"मामा, मी दमलोय हो."

आणि तो दमलाच होता. दिवसभर दोन्ही बाजूंचं ऐकायचं, साक्षी लक्षात ठेवायच्या, आणि संध्याकाळी जणू दुसऱ्या पिंपळाखाली येऊन बसायचं, जिथे साक्षीदार तो स्वतः. पहिल्या रात्रीच तो घरी जाऊन तळमळत पडला होता, आपण मामाला दुखवलं म्हणून. तो नाही येत म्हणू शकला असता. पण ज्याची गाडी वापरायची, ज्याची भाकरी खायची, त्याच्या अंगणात पाय न टेकवता घरी कसं जायचं? तो रोज येई, रोज गप्प बसे, आणि त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं रोज थोडी काळी होत.

मामाला ती वर्तुळं दिसत होती. पण त्यांचा अर्थ त्याने वेगळा लावला. एवढा वाळतोय, म्हणजे आत काहीतरी जबरदस्त चाललंय!

असे बरेच दिवस गेले. आता निवाडा उद्या-परवावर आला, असं लोक बोलू लागले. मामाच्या जिवाची नुसती काहिली झाली होती. त्या संध्याकाळी त्याला एक युक्ती सुचली. देवळात कौल लावतात, तसा कौल लावायचा. देवाच्या मूर्तीला उजवीकडे एक फूल चिकटवतात, डावीकडे एक. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. देव तरी कुठे तोंडाने बोलतो? त्याने बोलल्याविना जर कळतं, तर गुळव्याने बोलल्याविना का कळू नये?

मामाने एक थाळी घेतली. उजवीकडे पिवळ्याधमक गुळाचा खडा ठेवला, डावीकडे काळा. मनात म्हणाला, पिवळा उचलला तर दोरवाली सुटली. काळा उचलला तर अडकली. आणि एक शब्दही न बोलता थाळी गुळव्यापुढे सरकवली.

गुळव्या भुकेला होता. त्याने थाळीकडे नीट पाहिलंही नाही. हात पुढे केला, पिवळा खडा उचलला आणि तोंडात टाकला.

"सुटली!" मामा मनात ओरडला. त्या रात्री त्याला सुखाची झोप लागली.

सुख फार झालं की ते पोटात मावत नाही. सकाळी शेजारचा गुऱ्हाळवाला भेटला. मामाने आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नगंस. दोरवाली सुटतीय."

"तुला कसं कळलं?"

आता इथे मामा म्हणू शकला असता, की मी गुळाचा कौल लावला. पण ते सांगायला जरा लाज वाटली. म्हणून तो नुसता हसला आणि म्हणाला, "आमचाच गुळव्या हाय की पंचात."

बातमी मामाच्या आधी चावडीला पोचली.

सभा भरताच विहीर खोदणारा काठी आपटत उभा राहिला. "निवाडा आधीच ठरलाय, तर आमच्या साक्षी कशाला घेता? ह्या गुळव्यानं मालकाला सगळं सांगितलं! अख्ख्या गावाला माहीत हाय!"

बातमी ऐकून आज सगळं गाव पारापर्यंत लोटलं होतं, आणि मामा त्या गर्दीत मागे उभा होता. निवाडा ऐकायला तो आज काहील थंड ठेवून आला होता.

पाटलाने गुळव्याला विचारलं, "बोललास का तू?"

"न्हाई."

"मग मालकाला कळलं कसं?"

गुळव्याने मान वर करून गर्दीत पाहिलं. त्याला मामा दिसला. तो सांगू शकला असता, की मालक रोज संध्याकाळी माझ्या मागे लागतो, मान हलव म्हणतो, डोळे मिट म्हणतो. गावाने ते लगेच मानलं असतं, कारण गाव मामाला ओळखून होतं. पण तो तसं काही बोलला नाही.

"मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "मी बोललो न्हाई, एवढंच मला ठाऊक."

कुणीतरी फिसकन हसलं. गुळव्याची जीभ सैल, हे कोण जाणत नव्हतं? पाटलाने खेदाने मान हलवली आणि पुजाऱ्याला खूण केली. पुजारी सुरी घेऊन आला. पाच उपरणी पुढे झाली. दोरवाली इतके दिवस ताठ बसली होती. तिने आता दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निर्दोष सुटते म्हणून बातमी फुटली, आणि त्या बातमीनेच तिचा हंगाम बुडवला होता.

मामाने मनात हिशेब केला. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. चार दिवसांत गाव विसरून जाईल. गुळव्या पुन्हा काहिलीवर येईल, मालक असावा तर असा हे बोलणंही तसंच राहील. आणि सांगितलं, तर पोराबाळांपर्यंत लोक हसतील. त्याने गुळव्याकडे पाहिलं. गुळव्या आता त्याच्याकडे बघत नव्हता. तो सुरीकडे बघत होता.

"थांबा!" मामा ओरडला.

गर्दीतून वाट काढत तो पिंपळाच्या पारापर्यंत गेला. "ह्यानं काही सांगितलं न्हाई. मीच रोज इचारत व्हतो. रोज. ह्यो गप्प बसायचा. मग मी... मी कौल लावला."

"कौल? कुठल्या देवाला?"

"ह्यालाच."

मग त्याला थाळीची सगळी कथा सांगावी लागली, पिवळ्या खड्याची आणि काळ्या खड्याची. लोक आ वासून ऐकत होते. विहीर खोदणारा मात्र बधला नाही. "कशावरून? ह्यानं मुद्दाम पिवळा उचलला नसंल कशावरून?"

पाटलाने माणूस पाठवून मामाच्या गुऱ्हाळावरून ती थाळी मागवली. काळा खडा अजून त्यात तसाच होता. पाटलाने त्याचा कण तोडून जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं करून बाजूला थुंकला.

"हा कुणी केला?"

"मी," मामा पुटपुटला. "काहील करपली माझी."

गुळव्याच्या तोंडून न राहवून निघालं, "अवो मामा, तो बैलानंबी खाल्ला नसता!"

आधी पाटील हसला. मग पाचही पंच हसले, मग गाव. विहीर खोदणाऱ्यानेही कण चाखून पाहिला, आणि काठी टेकून तो मुकाट्याने खाली बसला. जन्मभर गूळ करणारा माणूस करपलेला खडा उचलेल, हे त्यालाही पटेना. गाठी कापायचं कारण उरलं नव्हतं. पुजारी सुरी घेऊन परत गेला.

मामाला वाटलं, सुटलो. त्याने हसणाऱ्या लोकांत आपलंही हसू मिसळलं. तेवढ्यात दोरवाली उठून उभी राहिली. ती हसत नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "तुमी ह्याला गाडी दिली, भाकरी दिली, घरी गूळ धाडला. समदं गाव म्हणलं, मालक असावा तर असा. मीबी म्हणले. पर हितं पिंपळाखाली ह्यो पंच व्हता, आन् तुमच्या अंगणात गेला की पुन्हा तुमचा गडीच. मग ह्याला सोडला कवा तुमी?"

 प्रश्न विचारण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा एका प्रश्नाने गप्प केलं. तो मान खाली घालून गुऱ्हाळावर गेला, आणि या वेळी ती नम्रता खरी होती.

त्या संध्याकाळी गाडी आली तेव्हा मामा स्वतः पुढे झाला. गाडीवानाला म्हणाला, "ह्याला थेट घरी सोड. रस कळशीत घालून देतो, तो बरोबर ने." गुळव्याने त्याच्याकडे पाहिलं. मामाने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तो आत निघून गेला. आत जाऊन त्याने दाराची कडी लावली, कारण त्याला स्वतःचा भरवसा नव्हता.

निवाड्याच्या दिवशी दुपारी पिंपळाकडून एकच गलका ऐकू आला. लोक शेतं टाकून धावले. जाळव्यासुद्धा चिपाडं टाकून पळाला. मामा काहिलीपाशी एकटा होता. फेस चढत होता, पाक दाटत होता. मामाचे कान चावडीकडे होते आणि पाय तर केव्हाच निघाले होते. पण त्याने झारा घट्ट धरला. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी धरतेय का पाहिलं. वाटेवरून एक जण हात हलवत ओरडत गेला, तरी त्याने मान वळवली नाही. गोळी धरली. तो स्वतःशीच "उतरवा!" म्हणून ओरडला, आणि मग आठवलं, उतरवायला दुसरं कुणीच नाही. धावत आलेल्या दोन वाटसरूंना हाताशी धरून त्याने कशीबशी काहील खाली घेतली.

गूळ काही उत्तम झाला नाही. पण पिवळा झाला.

वाफ्याच्या उथळ हौदात ओतलेला गूळ निवत होता तेव्हा वेशीकडून एक आवाज यायला लागला. करकर, करकर. चरखी फिरत होती. मामाने कुणाला काही विचारलं नाही, पण त्याला आत खूप बरं वाटलं. थोड्या वेळाने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी न विचारताच सगळं सांगितलं. दोराचा वाख चांगला ताजा निघाला होता. विहीर खोदणाऱ्याने घाईत दोर कप्पीवरून न घेता नुसत्या कपारीवरून सोडला होता, आणि दगडाच्या धारेने तो कापला गेला होता. त्यानेही ते कबूल केलं होतं. दोरवालीचा हंगाम अजून शिल्लक होता.

मग गुळव्या आला. गाडीतून नाही, चालत. उपरण्याचं टोक मोकळं होतं, नुसती चुरगळलेली घडी राहिली होती. आता तो सगळं सांगायला मोकळा होता. पाच जणांत कोण काय म्हणालं, कोण अडून बसलं, शेवटी कोण वळलं, सगळं. त्याने मामाजवळ बसून तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती एक लांबलचक जांभई.

मामाच्या ओठांवर निदान दहा प्रश्न रांग लावून उभे होते. त्याने ते सगळे गिळले. गिळणं किती अवघड असतं, हे त्याला आता कळलं. "पड जरा," तो म्हणाला, आणि चिपाडांच्या ढिगावर घोंगडी अंथरून दिली. गुळव्या आडवा झाला तो क्षणात घोरायला लागला.

बाहेर माणसं जमू लागली. शेजारचा गुऱ्हाळवाला सगळ्यांत पुढे. "कुठं हाय तुझा गुळव्या? उठव त्याला! आतली गंमत ऐकू दे की! अरे, तुलाच तर सगळ्यांत आधी इचारायचं असंल!"

मामा दारात आडवा उभा राहिला. ज्या गुळव्याला त्याने जन्मभर अरे-तुरे केलं होतं, त्याच्याकडे त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "पंच झोपलेत."

तात्पर्य एवढंच: गावाच्या न्यायासाठी आपला माणूस सोडायचा, तर पुरता सोडावा. त्याच्या हातचं काम आपण उचलावं, आणि त्याच्या मनात काय आहे ते त्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं.